इवायाचं पोतं

९ जानेवारी १९५८, हिंगणघाट

वरणाचा पहिला घास तोंडात गेला आणि डोकंच फिरलं. तुरीत लाख! भंडाऱ्याकडं माझं सगळं लहानपण लाखेच्या डाळीवर गेलं, ती चव मी मेले तरी ओळखीन. बाबांना मालगुजार मजुरी म्हणून लाखच द्यायचा. खाऊन खाऊन त्यांचे पाय गेले. आधी दोन काठ्या, मग खाट. आणि आता मी अधीक्षिका असलेल्या वसतिगृहात माझ्या डोळ्यांदेखत पोरींच्या ताटात तेच!

कोठीतलं नवं पोतं उघडून डाळ सुपात पसरली. वरचा थर तूर, खाली निम्मी लाख, चपटी, कोपऱ्यांची. गोदाबाई रांधते, ती म्हणाली, "मले वाटलं जुनी तूर हाय, म्हणून शिजून नाई राह्यली." तिचा काय दोष? तिच्या गावात लाख पेरतच नाहीत.

आजपासून पोरींना पिठलं. डाळ बंद.

११ जाने.

वसतिगृहाच्या सचिवांकडं, तात्यासाहेबांकडं गेले. डाळ पुडीत बांधून नेली होती. तात्यासाहेबांनी पुडी उघडलीसुद्धा नाही. डाळ पुरवतात गुलाबराव, आणि तात्यासाहेबांची लेक गुलाबरावांच्याच घरी दिलेली. व्याही पडले ना, इवाई!

मी म्हटलं, माल उतरताना प्रत्येक पोतं तळापर्यंत उपसून बघायचं आणि काट्यावर घालायचं. एवढंच. तर केवढे भडकले! "इवायाच्या पोत्याले काटा लावू का मी? माह्यी पोरगी त्याच्या घरात हाय, बाई! उद्या तिले काय तोंड दाखवू?"

लेकीची काळजी आहे. बाकीच्यांच्या लेकींचं काय?

आणि उठता उठता म्हणतात, "या पोरी घरी काय खात होत्या? लाखच ना? मंग?"

मी तशीच बाहेर पडले. थांबले असते तर हातात होतं ते फेकून मारलं असतं. हातात छत्री होती.

१२ जाने.

अजून अंगाची लाही होते आहे. "लाखच ना? मंग?" म्हणजे आमचे पाय जायचेच, लवकर गेले तर काय बिघडलं! दीक्षा घेतली, शिकलो, नोकरीला लागलो, तरी यांच्या मते आमच्या पोटाला लाखच बरी.

भाव ठरवणार हे. माल आणणार यांचे इवाई. माल पास करणार पुन्हा हेच. २६ तारखेला कमिटी येते आहे, झेंडावंदन, जेवण आणि मग वर्षाचा मक्ता गुलाबरावांच्या गळ्यात. तो मी होऊ देणार नाही. नोकरी गेली तर...

१५ जाने.

गुलाबरावांचा माणूस संक्रांतीचं घेऊन आला. तिळगूळ आणि नागपुरी लुगडं, चांगलं रुंद काठाचं. गोड बोलायचं म्हणे! लुगडं परत. तिळगूळही परत. माणूस म्हणाला, "घ्या ना बाई, घरचंच हाय." मेलं हे घरचं! सगळी चोरी या एका शब्दाखाली खपते.

२० जाने.

तात्यासाहेबांचा निरोप. कमिटीसमोर तोंड उघडलं तर बदली नाही, थेट घरी. पोरी पिठल्याला कंटाळल्या आहेत. मी पण.

२६ जाने.

आज तोंड उघडलंच नाही. वाढलं फक्त.

त्याच पोत्यातली डाळ, लसणाची खमंग फोडणी. एका जेवणानं कोणाला काही होत नाही, ते मला पक्कं ठाऊक आहे. पोरींचं पिठलं वेगळं होतं. पंगतीत तात्यासाहेब, शेजारी गुलाबराव, पुढं कमिटी. मी स्वतः वाढायला घेतलं. मनात एक धाकधूक होती. माझ्या हातचं म्हणून गुलाबराव काहीच घेणार नाहीत, मग सगळंच फुकट.

पण भाजी घेतली, दोनदा. पोळी घेतली. भातावर ताक घेतलं. वरणाची पळी पुढं केली की ताटावर आडवा हात! "बस बस, बाई." मी म्हटलं, "तुमच्याच पोत्यातलं आहे, घ्या ना थोडं." आडवा हात. परत आग्रह केला, दोन्ही हात. कमिटीतले हसायला लागले, गुलाबराव लाजतात म्हणून.

तात्यासाहेबांची दुसरी वाटी चालली होती. हात थांबला. "काऊन हो इवाई, वरण नाई घेऊन राह्यले?"

"पोट जरा..."

"भाजी तं दोनदा घेतली."

तात्यासाहेब वाटीकडं बघत राहिले. मग गुलाबरावांकडं. चेहरा असा उतरला की मला क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप बरं वाटलं.

मक्त्याचं तात्यासाहेबांनीच "पुढे पाहू" म्हणून टाळलं.

२७ जाने.

सकाळीच तात्यासाहेब दारात. आत आले नाहीत. "तुमी मले चारलं?" म्हटलं, हो. "अन् इवायानं पाह्यलं? मी खाऊन राह्यलो ते पाह्यलं?" म्हटलं, शेजारीच तर बसले होते.

जायला वळले, पायरीवर थांबले. मग म्हणाले, "लाखेनं खरंच पाय जातात का, बाई?" मी बाबांचं सांगितलं. सगळं. आवाज चढला माझा, चढू दिला. त्यांनी ऐकलं आणि गेले. माफी वगैरे काही नाही.

३० जाने.

गुलाबरावांची बैलगाडी फाटकाशी उभी. नवी पोती. मक्ता नसताना! गाडीवान म्हणतो, सेठनं पाठवलं, उतरवायचं. मी कोठीला कुलूप घातलं, किल्ली कंबरेला. गिरणीतून काटा मागवला आहे. पोती उसवायला विळा घेऊन ओट्यावर बसले आहे, पोरी मागं उभ्या.

गोदाबाई रस्त्यावर बघून आली. तात्यासाहेब येऊन राह्यले, एकटेच, पायी. इवाई म्हणून येतात की सचिव म्हणून, देव जाणे. फाटक मी उघडणार नाही, त्यांनीच उघडावं, आणि पहिलं पोतं काट्यावरही त्यांनीच घालावं.