निळ्या पाटीवालं हॉटेल

उत्तरसंडा,
मागशर सुद नोम, बुधवार

चि. धारा वहूला बाचे जय श्रीकृष्ण.

इकडे सगळं ठीक. थंडी पडलीय, उडदाचं पीठ छान मळलं जातंय. पापड लाटायला येणाऱ्या कोकिळाबेनचा गुडघा दुखतो, जीभ बरी आहे. फोनच केला असता, पण चेतन शेजारी बसून ऐकतो आणि मग आईला वेड लागलं म्हणून सगळ्यांना सांगतो. म्हणून हे पापडाच्या खोक्यात घालून पाठवतेय.

तू विचारलंस, पापडाच्या फिरतीला कुठलं हॉटेल बरं, पिवळ्या पाटीवालं की निळ्या. आमचे हे, म्हणजे तुझे बापूजी, गेल्यापासून फिरती मीच केली, दोन्हीकडे झोपलेय, तेव्हा ऐक.

पिवळं स्वस्त. टॉवेल आपल्या पापडापेक्षा पातळ, साबण घरून न्यायचा. बादली मागितली तर काउंटरवरचा म्हणाला, "माताजी, शॉवर आहे ना."

मी म्हटलं, "तुझ्या आईला उभं कर त्याच्याखाली."

आली बादली. पण बाजार पायाशी आणि झोप शांत. तिथे कोणी येत नाही.

निळं जरा वरचं. गादी मऊ, नाश्ता भाड्यातच. पण इंदूर असो की उदेपूर, खोली तीच. तोच दिवा, तेच होडीचं चित्र. दार उघडलं की वाटतं, कालच्याच खोलीत परत आलो, आणि आत कोणीतरी आपल्या आधी येऊन बसलंय. तुला नाही करमायचं. तू पिवळ्यातच उतर.

आता म्हणशील, बा, मग तुम्हाला निळं का सुटत नव्हतं?

कार्डामुळे. निळ्याचं ते मेंबराचं कार्ड बापूजींच्या नावावर होतं, मी तसंच चालवलं. काउंटरवरची मुलगी विचारायची, "रमणभाई मागून येतायत का?"

मी म्हणायची, "त्यांना नेहमीचाच उशीर."

थट्टा होती गं. मग उदेपूरला सकाळी नमुन्यांचा डबा उघडला. पापडाच्या लाट्यांतली एक नाही, आणि दुसरीत अंगठ्याचा खळगा. बापूजी असाच खळगा करून त्यात तेल ओतायचे आणि खायचे. त्यांचा अंगठा मशीनमध्ये अर्धा गेलेला, तू पाहिलायस. खळगाही आखूडच होता.

मी ओरडले नाही. पुढच्या फेरीपासून लाट्या जास्त नेऊ लागले.

गेल्या महिन्यात फिरती तुझ्याकडे आली आणि तू कार्डावर तुझं नाव घातलंस. कामाचंच होतं ते, राग नाही. नंतर लग्नाला उदेपूरला गेले तेव्हा हट्टाने निळ्यातच उतरले. सकाळी डबा जसाच्या तसा. त्या दिवशी मला खरं वैधव्य आलं.

आणि परवा तू फोनवर हसत विचारलंस, "बा, इंदूरच्या डब्यात लाट्या कमी घातल्या का? आणि एक चेपलेली होती."

कमी नव्हत्या, वहू.

कार्ड पुन्हा त्यांच्या नावावर कर आणि मला दे. तोवर निळ्यात उतरलीसच, तर तेलाची बाटली डब्याशेजारी ठेव, कोरडी लाटी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. आणि खोलीत शिरताना डोक्यावर ओढणी घेत जा. सासरे आहेत.

कार्डाची वाट बघत,
तुझी बा