वरच्या उतारावरची ठिपकेदार कोरफड

रविवार, दि. १४ जुलै २०१९. सकाळी गवतावर हिवाळ्याचे गोठलेले दव होते. गुरे सोडली. प्रार्थनेला न जाता वरच्या उतारावर गेले. परत येऊन शेजाऱ्यांना साक्षीसाठी बोलावले.

मी, खोंबिसिले माडोंडो, माहेरची म्बाथा, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, राहणार म्सिंगा, क्वाझुलु-नाताल, दक्षिण आफ्रिका, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे यजमान वेलाफी मे महिन्यात वारले. माझ्या अंगावर अजून दुखवट्याचे काळे कपडे आहेत. तरी आज अक्षर वाकडे येते आहे ते दुःखाने किंवा आजाराने नव्हे, आनंदाने, हे साक्षीदारांनी ध्यानात घ्यावे.

१. घर, भांडी, शिवणयंत्र व बँकेतील शिल्लक मुलगी न्तोंबेन्हले हिला.

२. गुरे दीर म्बुयिसेलो यांना. भावाच्या आजारपणात त्यांनी ती सांभाळली, हे मी विसरलेले नाही. त्याच दिवसांत माझ्या भाजीच्या वाफ्यांत बकऱ्या सोडल्या, तेही विसरलेले नाही.

३. वरच्या उतारावरच्या कोरफडीविषयी. खाली ओढ्याकाठी जी ठिपकेदार कोरफड सगळीकडे उगवते, तिच्या फुलांचा झुबका वरून सपाट आणि केशरी असतो. उतारावरच्या झाडांना लांब निमुळता तुरा येतो, फुले मधाच्या रंगाची. या कोरफडी एकमेकींत सहज मिसळतात, म्हणून हा संकर असावा असे मलाही वाटे. पण संकराची पोरे एकसारखी निघत नाहीत. तेव्हा पेरून पाहायचे ठरवले. शिंजीर पक्ष्यांनी खालचे पराग आणू नयेत म्हणून आम्ही तुऱ्यांवर जुने जाळीचे पडदे घातले, आणि वरच्याच एका झाडाचे पराग मी ब्रशने दुसऱ्याला लावले.

पडदा यजमान धरत. एकदा मला माहेरच्या नावाने हाक मारून म्हणाले, "मा-म्बाथा, लग्नात तुझ्या डोक्यावर एवढा चांगला पडदा नव्हता."

"हात हलवू नका."

"हात कुठे हलतोय? थंडीने मी अख्खा हलतोय."

ते बी रुजले, त्याला चार वर्षे झाली. या हिवाळ्यात रोपे एकेक करत फुलू लागली आणि आज सकाळी शेवटचे फुलले. सगळ्यांना लांब तुरा, मधाचा रंग. सपाट झुबका एकालाही नाही. म्हणजे हा संकर दिसत नाही. ही वेगळीच जात असू शकते, आणि मी ती आजवर दुसरीकडे पाहिलेली नाही. सांगायला जवळ कोणी नव्हते, म्हणून मी तिथेच उभी राहून मोठ्याने सांगितले.

४. दिरांना त्या उतारावर भाड्याच्या खोल्या बांधायच्या आहेत. काल म्हणाले, "वहिनी, कोरफड ती कोरफड. ओढ्यावर ढीगभर आहे."

"ती वेगळी आहे."

"माझ्या बकरीला विचारून सांगतो."

जमीन मुखियाकडून वहिवाटीला मिळालेली आहे. ती मृत्युपत्राने देता येत नाही, हे मला ठाऊक आहे. मात्र माडोंडोंच्या घराण्यात कबरीलगत कोणी बांधकाम करत नाही आणि बकऱ्याही चारत नाही. म्हणून मला गोठ्याजवळ, यजमानांशेजारी पुरू नये. वरच्या उतारावर, झाडांच्या खालच्या अंगाला, मुळांना धक्का न लावता पुरावे. यजमानांच्या कबरीपाशी जाऊन मी हे त्यांना सांगितले आहे. सोपे गेले नाही.

५. त्या उताराचा नाद सोडायला दिरांना माझ्या मरणाची वाट पाहावी लागू नये म्हणून ती जागा मी आजच दगडांनी आखून ठेवणार आहे.

हे वाचल्यावर साक्षीदार फुमेलेले म्हणाल्या, "अगं, जिवंतपणी कोणी स्वतःची कबर आखतं का?"

दुसरे साक्षीदार म्झिकायिसे म्हणाले, "आखू दे तिला. दगडांना हात लावायची म्बुयिसेलोची छाती होणार नाही. त्याचं तोंड बघायला तरी मी येणार."

वरील सर्व मी स्वहस्ते लिहिले असून दोघांच्या समोर सही करत आहे.

खोंबिसिले माडोंडो
साक्षीदार: फुमेलेले न्गुबाने, परिचारिका
साक्षीदार: म्झिकायिसे झोंडी, दुकानदार
म्सिंगा, १४ जुलै २०१९

(यापुढचे मृत्युपत्राचा भाग नाही. साक्षीदार गेले. ऊन आहे तोवर उतारावर जाऊन दगड लावले. डोक्याची बाजू झाडांकडे ठेवली. एक दगड डगमगत होता, त्याखाली माती भरून तो पायाने दाबला.)