डॉक्टरीच का घेतली

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचा खोकला आठवावा लागतो. आज लिहायला बसलो त्याला कारण माझी धाकटी. मॅट्रिक पास झाली आणि कॉलेजात काय घ्यायचं म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलंय. सकाळी सायन्स, दुपारी इतिहास, दिवेलागणीला पुन्हा सायन्स. जेवताना मला विचारते, "अण्णा, तुम्ही डॉक्टरीच का घेतली?" मी ताटातून मान वर न करता म्हणालो, "लोकांची सेवा करावी असं वाटलं." ती फिसकन हसली. दारात आलेल्या पेशंटवर मी कसा खेकसतो ते ती लहानपणापासून ऐकत आलीय, तिला कोण फसवणार? खरं उत्तर तिला देता येणार नाही. ते कळणारं माणूस एकच होतं, आणि ते तुम्ही.

परळीत वैजनाथाच्या पायऱ्यांपाशी तुमचं दुकान. भस्माच्या वड्या, रुद्राक्ष, गळ्यात इष्टलिंग बांधायचे दोरे. पण गावात तुमचं नाव होतं ते दुसऱ्याच कामाला. आपल्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, आडवं ठेवूनही पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि तसंच बसलेलं मातीच्या स्वाधीन करतात. हे बसवणं वेळेत व्हावं लागतं, कारण अंग ताठलं की मांडी वळत नाही. तुमचा हात त्यात बसलेला. कुणाच्या घरी रडं उठलं की माणूस मठातल्या स्वामींकडे जायच्या आधी आपल्या दुकानावर यायचं, आणि तुम्ही गिऱ्हाईक तसंच सोडून निघायचात. भिंतीला टेकवून, धोतरानं खांदे बांधून तुम्ही मेलेल्याला असं बसवायचात की घरच्यांना वाटावं, पूजेलाच बसलाय. त्याचा मोबदला कधी घेतला नाही, घरात चहासुद्धा नाही. मला लहानपणी तुमचा अभिमानही वाटायचा आणि त्या हातांनी तुम्ही भाकरी मोडायचात त्याची भीतीही.

मग मानमोडीची साथ आली. तो ताप कसला होता ते पुढं पुस्तकात वाचलं, पण त्या नावातच सगळं आलं. गल्लीत एक घर सुटलं नाही. तुम्ही एका घरातून उठायचात ते दुसऱ्या घरात जाऊन बसायचात, आणि माय दारातूनच तुमच्या अंगावर पाणी ओतायची. त्या दिवसांतच थोरले काका गेले. काकू म्हणाली, लेक गंगाखेडाहून निघालाय, त्याला तोंड बघू द्या, मग बसवा. तुम्ही थांबलात. भावाचं घर, नाही कसं म्हणणार? लेक आला तोवर काका ताठले होते. मी दारात उभा होतो. तुम्ही आधी कोमट पाण्यानं गुडघे शेकले, चोळले, मग डोळे मिटून भार दिलात. वाळल्या लाकडासारखा आवाज झाला. काकू किंचाळली. परतताना तुम्ही आडावर हात धूत बसलात ते उठेचनात. मी बोलवायला आलो तर म्हणालात, "भावाला मोडला रे म्या. आता कुणासाठी थांबायचं न्हाई. लेक येऊ दे का सून येऊ दे. न्हाई म्हंजी न्हाई."

हे तुम्ही स्वतःला बजावत होता. मायला ताप चढला तेव्हा ते अजून तुमच्या हातांत ताजं होतं.

दुपार आहे. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. मायचा श्वास घरघरतोय, थांबतोय, पुन्हा सुरू होतोय. मी पायाशी बसलोय. मग तो थांबतो. तुम्ही तिच्या नाकाशी बोटं धरता, मनगट चाचपता, छातीवर कान ठेवता. पण तुमचा स्वतःचाच श्वास इतका जोरात चाललाय की तो मला इथवर ऐकू येतोय. "गेली," तुम्ही म्हणता. आणि मला रडायलाही उसंत न देता, "धर, खांदा धर तिचा." मी धरतो. अंग चुलीसारखं तापलेलं आहे. आपण तिला भिंतीशी बसवतो, तुम्ही मांडी घालता, ती इतकी सहज घातली जाते की तुमच्या तोंडातून "हां" असा सुस्कारा निघतो. डावा हात तळवा वर करून तुम्ही तिच्या गुडघ्यावर टेकवता, लिंग ठेवता, हात नीट बसावा म्हणून जरा दाबता. आणि तिची बोटं हळूहळू लिंगावर मिटतात.

"धरला!" तुम्ही ओरडलात. "बघ, बघ बे, देव धरला तिनं! आपल्या हातानं धरला!" आणि मग तुम्ही रडायला लागलात. स्वामी आले, तुम्ही त्यांना सांगितलंत. ते म्हणाले, असं मरण पुण्यवानालाच. दिवस मावळायच्या आत तिला माती दिली. मीही दिली. मूठ सोडताना एक विचार माझ्या डोक्यात आला आणि तो मी पुढं कुणापाशीच बोललो नाही: मेलेलं माणूस धरतं का?

साथ सरली. तुम्ही ती गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागलात. दुकानावर यात्रेकरू भस्म घ्यायला थांबला की त्यालाही. लोक हात जोडायचे. मी आत गोण्यांमागे बसून जवळच्या मोमिनाबाद गावातल्या शाळेचा उर्दूचा धडा घोकायचो आणि तुम्ही "आपल्या हातानं" म्हणालात की माझा धडा चुकायचा. तुमचा राग यायचा, अप्पा. वाटायचं, या माणसाला हा साधा प्रश्न पडत नाही? इतका आनंद कशाचा होतो याला?

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा तुम्ही दुकानावर पेढे वाटलेत. माझं काय करायचं ते तुमचं आधीच ठरलं होतं. निजामाचं राज्य, कोर्टकचेरी सगळी उर्दूत. आपल्या माणसाची जमीन जाते का राहते ते आपल्या माणसालाच कळत नाही. "आपली लोकं कोर्टात मुक्यावानी हुबी ऱ्हात्यात," तुम्ही म्हणायचात. "एक तरी बोलणारा पायजे." शाळेतले मौलवीसाहेब वैजनाथाच्या बाजारात भेटले तेव्हा त्यांनीही दुजोरा दिला, "वकील बनाओ इसकू अप्पा, जबान साफ है." तुम्ही खुलून गेलात. घरी येईतो तुम्ही मनातल्या मनात मला काळा कोटही शिवून टाकला होता. तुमची इच्छा वाईट नव्हती. आज विचार करतो तर मी वकीलही बरा झालो असतो, भांडायला मला आवडतं.

मी म्हणालो, "मला डॉक्टरी शिकायचीय."

"कावून?"

"मान हाय. सरकारी नोकरी हाय."

"वकिलाला मान न्हाई व्हय? खरं सांग."

"माय गेली म्हणून." हे अर्धं खरं होतं. बाकीचं अर्धं जिभेवर आलं होतं, पण तुमच्याकडे बघून ते गिळलं.

 मग हळू आवाजात, जसं लहान पोराला विचारावं तसं विचारलंत, "तिथं मढी फाडाय लावत्यात म्हणं. कुणाची रे ती?"

"बेवारशी. दवाखान्यात मेलेली. ज्यांचं कुणी न्हाई त्यांची."

तेव्हा तुमचा आवाज चढला. "म्या जलमभर काय केलं रे? ज्याचं कुणी न्हाई त्यालाबी नीट बसवून माती दिली. विटाळ मानला न्हाई, जात पुसली न्हाई. आन् माझा लेक त्यालाच फाडणार? गळ्यात लिंग बांधून?" मी उलट बोललो. म्हणालो, तुम्ही काकाचे गुडघे मोडले त्याला काय म्हणायचं? ते मी बोलायला नको होतं. तुम्ही ताटावरून उठलात, आणि मग कित्येक दिवस आपण एकाच घरात राहून शेजाऱ्यासारखे वागलो. कामापुरतं बोलणं, तेही खांबाकडे बघून. शेवटी मामा मध्ये पडला, माझा अर्ज हैदराबादला गेला आणि जागा मिळाली. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत.

त्या वेळी परळीला रेल्वे नव्हती. बैलगाडीनं परभणी गाठायची आणि तिथून आगगाडी. निघालो त्या सकाळी तुम्ही गाडीबरोबर वेशीपर्यंत चालत आलात. भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलंत, गाडीवानाला गंगाखेडाला बैलं पाजायला सांगितलंत. मग चाकाच्या दांड्यावर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणालात, "शिकून आलास की मला सांग."

"काय सांगू, अप्पा?"

"तुला ठाव हाय काय ते."

गाडी हलली.  म्हणजे तुम्हालाही तो प्रश्न पडला होता. आणि बहुतेक त्याच दुपारी, माझ्याही आधी. येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगत होता ते आनंदानं नव्हे. कुणीतरी हात जोडून "पुण्यवान" म्हणावं म्हणून, म्हणजे तेवढ्यापुरता तो प्रश्न दबावा म्हणून. मी मागं वळून बघितलं. तुम्ही तिथंच उभे होता, पाठमोरे.

हैदराबादेत शरीररचनेचा तास उर्दूतून व्हायचा. मोठी दगडी खोली, औषधाचा वास डोळ्यांत जायचा. माझ्या वाट्याला आलेला म्हातारा कोण कुठला कुणालाच माहीत नव्हतं. सुरी धरताना मी मनातल्या मनात त्याची माफी मागायचो, तुमच्या वतीनंही. एका सकाळी उस्ताद हात शिकवत होते. त्यांनी त्या म्हाताऱ्याचं मनगट धरलं आणि मागं वाकवलं. बोटं आपोआप मिटली. पुढं वाकवलं, उघडली. पुन्हा मागं, पुन्हा मिटली. बोटांच्या दोऱ्या मनगटावरून जातात, त्या ताणल्या की मूठ वळते, जीव असो वा नसो, असं ते समजावून सांगत होते. मी बाहेर जाऊन ओकलो. मित्र म्हणाले, लिंगायताचं पोर, सोसत नाही याला. मी भिंतीला डोकं टेकून रडत होतो आणि इतकं हलकं मला मानमोडीनंतर कधी वाटलं नव्हतं.

सुट्टीत घरी आलो. तुम्ही दोन दिवस विचारलं नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आपण दोघंच होतो. तुम्ही भस्माच्या वड्या फडक्यानं पुसत होता, पुसलेल्याच पुन्हा पुसत होता. "हं," म्हणालात, "सांग."

मी तुमचा डावा हात हातात घेतला. कळत्या वयात पहिल्यांदाच घेतला असेन. सैल सोडा म्हणालो, मनगट मागं केलं, बोटं मिटली. "मेलेल्याचाबी असाच मिटतो, अप्पा. तुमी मायचा हात गुडघ्यावर दाबलता, मनगट मागं वळलं. म्हणून मिटला."

तुम्ही आपल्याच हाताकडे बघत राहिलात. "म्हंजी तिनं धरला न्हाई."

"न्हाई."

"म्हंजी ती गेलतीच."

"गेलतीच."

तुम्ही मान हलवलीत. बरंच झालं म्हणून, की सगळं गेलं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर ती गोष्ट तुमच्या तोंडून कुणी ऐकली नाही. आणि वकिलीचं नावही तुम्ही काढलं नाही. मेलेल्याला बसवायला मात्र जात राहिलात, पण पहिल्यासारखे नाही. लोक मला सांगायचे, अप्पा आता आधी नुसतेच शेजारी बसून राहतात, कानाशी हाक मारतात, पापणी उघडून बघतात, लोकं खोळंबतात. तुमच्या हाताखालून आणखी दोघंतिघं ताठले म्हणे. त्यांचे गुडघे तुम्ही दुसऱ्या कुणाला दाबू दिले नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी डॉक्टर होऊन चार ठिकाणी फिरून आलो होतो. माझ्याच हाताखाली गेलात. नाडी थांबली, मी नळी लावून ऐकलं, काही नव्हतं. मला ठाऊक होतं की काही नाही. तरी मी नळी काढेना. भावकी दारात उभी. "डॉक्टर, गार पडलंय, बसवू द्या की," असं कुणीतरी म्हणालं तसा मी त्याच्यावर ओरडलो. पुन्हा ऐकलं. पुन्हा. दिवस कलला. शेवटी उठलो तेव्हा तुमचे गुडघे वळत नव्हते. ते काम मी दुसऱ्याला कसं सांगणार होतो? मीच केलं. आवाज तसाच आला.

इतकं लिहिल्यावर हात थांबलाय. तुम्हाला हे पाठवता आलं असतं तर मी इथंच सही केली असती आणि तुम्ही निवांत राहिला असता. पाठवायचं नाही म्हणून पुढचं लिहितो. मनगट मागं वाकवलं की मेलेल्याची बोटं मिटतात हे खरं. पण जिवंत, बेशुद्ध माणसाचीही अगदी तशीच मिटतात. त्या दुपारी दुकानात तुमचीही मिटली होती, आणि ती बघत असतानाच मी "गेलतीच" म्हणालो.