तेहतीस फळांचं वाण

रायपूर,
१९ मे २०२६

चि. सौ. ज्ञानदा हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे उन्हानं जीव नको केला आहे. कूलरचा पंप पुन्हा कुरकुरतो. तू जानेवारीपासून पत्रं बँकेच्या पत्त्यावर पाठवायला सांगितलीस म्हणून हेही तिथेच पाठवते. तुमच्या घरच्या पेटीनं काय गुन्हा केला, ते मात्र कळलं नाही. फोनवर जेवलीस का, गोळी घेतलीस का एवढंच, खरी बातमी पत्रात, हा तुझ्या बाबांचा नियम. रेल्वेतल्या टपालाच्या डब्यात उभं राहून जन्मभर लोकांची पत्रं लावलेला माणूस तो. मी त्यांचा नियम मोडणार नाही.

तर बातमी अशी, की मी व्हिडिओ गेम विकत घेतला. आधी खाली बस, मग पुढचं वाच.

धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांपूर्वीच्या अधिकात बाबा होते, आम्ही दोघांनी मिळून भार्गवला चांदीचा दिवा दिला. या खेपेला मी एकटी. पाऱ्यातल्या, आपल्या मोहल्ल्यातल्याच, एका बाईंनी विचारलंच, की आता तुम्ही वाण कसं देणार? मी म्हटलं, हातानं देणार. मला तुम्हा दोघांशिवाय आहे कोण? माझं हे वाण नीट व्हायला हवं, बाकी मला काही नको.

दिवाळीत अंगणात दिव्यांची माळ लावताना भार्गव सांगत होता, की लहानपणी घरात एकच गेम, तो कायम थोरल्या भावाच्या हातात. याची पाळी कधी आलीच नाही. आता दुकानासमोर थांबतो, बघतो आणि या वयात शोभत नाही म्हणून पुढे जातो. तेव्हाच मी ठरवून टाकलं. गेल्या आठवड्यात शेजारच्या सरलाला घेऊन गोल बाजारात खसखस आणि बत्तासे घेतले आणि तशीच मोबाइलच्या दुकानात शिरले. तिथल्या पिंकीनं हिंदीत विचारलं, नातवासाठी का? जावयासाठी म्हटल्यावर ती हसली नाही. चांगली पोरगी आहे. हातात धरून खेळायचं ते यंत्र तिनं आम्हाला चालवून दाखवलं.

परत येताना रिक्षात सरलानं खोडा घातला. तिचं म्हणणं, वाणात तेहतीस पायजेत, हे तर एकच हाय, असं कसं चालंन? अनारसे तेहतीस होतेच, पण मुख्य वस्तू एक, हे मलाही खुपलं. यंत्रातल्या खेळात एक खार फांद्यांवरून उड्या मारते, आणि दर टप्प्याला एक सोनेरी फळ मिळतं. मग आम्ही दोघींनी विचार केला आणि खोका फोडला.

आठ दुपारी लागल्या. डावीकडची बटणं माझी, खार पळवायची. उडी सरलाकडे. एका यंत्राला दोघींचे दोन हात. ती मला ओरडते, की वहिनी, काहून थांबून राहिल्या, पळवा ना. शेवया वळून वळून तिच्या बोटांना काय चपळाई आली आहे! काल तेहतिसावं फळ मिळालं. खोका फोडल्यावर खेळ सुरू करून घ्यायला यंत्र पिंकीकडे नेलं, तिनं खेळणाऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा मी ‘ज्ञानदा-भार्गव’ घालायला सांगितलं. यंत्र उघडलं की आधी तुमची नावं येतात.

भार्गव तेवीस तारखेला भनपुरीच्या कारखान्यात पंपाच्या कामाला येतो आहे. दर महिन्यासारखा जेवायला इथेच. तुला रजा नाही असं तो म्हणाला, म्हणून वाण त्याच्याजवळ देते. तुझा पाट शेजारी मांडीन. लोभ आहेच, तो रजेइतका कंजूष होऊ देऊ नकोस.

तुझी,
आई

नागपूर,
२५ मे २०२६

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काउंटरमागे उभ्याउभ्या वाचलं. आधी इतकी हसले की बाजूच्या दीदी बघायला लागल्या. सील असलेला खोका फोडून, तेहतीस टप्पे खेळून संपवून जावयाला भेट देणाऱ्या तुम्ही दोघीच असाल. मग पुढचं वाचलं आणि पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं. रजा टाकून घरी आले.

भार्गव दर महिन्याला तुझ्याकडे येतो? जेवतो? आई, मला हे माहीत नव्हतं. आणि तुलाही एक गोष्ट माहीत नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला बोलताच येत नाही, म्हणून लिहिते.

जानेवारीपासून मी त्या घरात राहत नाही. बँकेजवळ एक खोली घेतली आहे. आम्ही वेगळे व्हायचं ठरवलं आहे. वकिलांशी बोलून झालं, कागद व्हायचे आहेत. कुणी कुणाला मारलं नाही, फसवलं नाही. तसं काही असतं तर तुला सांगणं सोपं गेलं असतं. आमच्यात भांडायलासुद्धा काही उरलं नव्हतं. शेवटचे महिने आम्ही दूध आणलं का, गॅस आला का एवढंच बोलत होतो. बाबा गेल्यावर तू इतकी बारीक झालीस, की संक्रांत होऊ दे, होळी होऊ दे, असं करत राहिले.

हे पत्र तेवीसच्या आधी पोचणार नाही, हे तारीख घालतानाच कळलं आणि रडू फुटलं. तू पाट मांडला असशील. त्यानं काय केलं, ते मला सांग. रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
ज्ञानदा

रायपूर,
३१ मे २०२६

चि. ज्ञानदा,
अनेक आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. वाचलं आणि ताट हातातून सुटलं. सरला आवाज ऐकून धावत आली, तिला वाटलं मी पडले. दोन दिवस मला काही सुचलं नाही. चहात मीठ घातलं, देवाला दोनदा आंघोळ घातली. 

त्यानं काय केलं ते विचारतेस, तर ऐक. दोन पाट मांडले. तुझ्या पाटावर सुपारी ठेवून कुंकू लावलं. तो त्याच्या पाटावर बसला. मी वाणाचं ताट हातात दिलं, दिवा लावला. त्यानं यंत्र चालू केलं, नावं बघितली आणि डोळे भरून आले. मला वाटलं, बाबांच्या आठवणीनं! मी वेडी त्याला सांगत बसले, की दोघं मिळून खेळा, एकानं पळवायचं, एकानं उडी मारायची. मी असं बोलले ग! त्यानं दोन अनारसे खाल्ले, कूलरचा पंप काढून साफ केला, पाया पडला आणि गेला.

मला तुझा राग आला आहे, त्याचाही आला आहे, आणि तो इतक्यात जाणार नाही. वेगळं राहता याचा नाही. संसार तुमचा, तुम्हाला तो नाही पेलला, मी काय बोलणार? पण पाच महिने तुम्ही दोघं मला वेगवेगळे सांभाळत होतात. मी काय काचेची बरणी आहे? तुझे बाबा गेले ते मी एकटीनं पाहिलं. त्यानंतर मला काय सांगायचं उरलं होतं, की तुम्ही घाबरलात?

माझं वाण कुणाला पोचलं, हेच मला कळेनासं झालं आहे. जेवत जा. खोलीत पंखा तरी नीट आहे का, ते कळव. राग आहे तसा जीवही आहे.

आई

नागपूर,
५ जून २०२६

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

ज्ञानदानं फोन करून सांगितलं, की तुम्हाला सगळं कळलं. तुम्हाला आई म्हणायचा हक्क आता मला आहे की नाही, माहीत नाही, पण दुसरी हाक येत नाही.

फेब्रुवारीत आलो तो सांगायलाच. तुम्ही ताट वाढलंत आणि विचारलंत, ज्ञानदा कशी आहे. मी बरी आहे म्हणालो. मार्चमध्ये तेच, एप्रिलमध्ये तेच. जेवणावर डोळा ठेवून खोटं बोललो असं वाटेल, आणि ते खोटंही नाही. त्या घरात माझी वाट कुणी तरी बघतं, एवढं मला सोडवेना. वाणाच्या दिवशी पाटावरून उठून जायला हवं होतं. नाही उठलो. माफ करा.

यंत्र कुरियरनं परत पाठवतो आहे. ते जावयाचं आहे, माझं नाही. चालू केलं की आमची दोघांची नावं येतात, पुढे बोट जात नाही. चौतिसावा टप्पा तसाच आहे. तुमच्या तेहतीस फळांना हात लावलेला नाही. भनपुरीचं काम दुसऱ्याकडे द्यावं, असं साहेबांना कळवतो आहे. पंप दर पंधरा दिवसांनी धुवून घ्या. सरलामावशींना नमस्कार. लोभाची गोष्ट आता मी कोणत्या तोंडानं काढू?

आपला,
भार्गव

रायपूर,
१२ जून २०२६

चि. ज्ञानदा,
अनेक आशीर्वाद.

भार्गवचं पत्र सोबत जोडलं आहे, वाच. यंत्रही आलं. खोक्यात त्यानं इतका कापूस भरला होता, की सरलाला वाटलं काचेचं भांडं आहे.

मी दोन दिवस ते ओट्यावर ठेवून बघत होते. दिलेलं वाण परत आलं म्हणजे काय करायचं, ते कुणाला विचारू? सरला म्हणे, नदीत सोडतेत. मी म्हटलं, खार बुडेल. मग आम्ही दोघीही हसलो, आणि हसताहसता माझं मला कळलं. वाण मी जावयाला दिलं, ते त्या दिवशी पोचलं. पण फळं आठ दुपारी खपून मिळवली, ती काय जावई म्हणून? दुकानासमोर थांबून पुढे जाणाऱ्या त्या मुलासाठी मिळवली.

काल भर उन्हात दोघी पिंकीकडे गेलो. मी तीनदा विचारलं, नाव बदललं तर फळं जातील का? नहीं जाएँगे आंटी, असं तिनंही तीनदा सांगितलं. तुला विचारून केलं नाही, नुसतं कळवते आहे. रागावलीस तर रागाव, आपली फिट्टंफाट.

यंत्र आज भार्गवला परत धाडलं. त्याला लिहिलं आहे, की भनपुरीचं काम सोडलंस तर कूलर तुझ्या घरी आणून टाकीन. चौतिसाव्या टप्प्याला उडी मारायला सरला तयार आहे. तू म्हणशील तेव्हा तो येणार नाही, आणि तो असेल तेव्हा तू येऊ नकोस, एवढं आपण तिघं पत्रानं ठरवू शकतो. हे पत्र मुद्दाम कुरियरनं थेट तुझ्या खोलीवर धाडते, उद्या मिळेल, आणि तू पंधरा तारखेच्या आत ये, अधिक संपायच्या आधी. एकटीच ये. या खेपेला तेहतीस अनारसे तुझ्यासाठी करून ठेवले आहेत. लेकीला वाण देतात की नाही ते मला माहीत नाही. पाट मात्र मांडला आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या यंत्रात नाव मागून पुसत यावं लागतं. त्यामुळे आधी भार्गव गेला, मग एकेक अक्षर करत तू गेलीस. पडद्यावर कुणीच उरलं नाही. मी सरलाचा हात घट्ट धरला. पिंकीनं विचारलं, अब क्या लिखूँ?  सरलानंच सांगितलं, भार्गव लिही म्हणून. पिंकीनं लिहिलं, आणि खाली पाहिलं तर तेहतीसच्या तेहतीस फळं जागेवर होती.

गाडीत पाणी जास्त घे. वाट पाहते.

तुझी,
आई