आमच्या गल्लीचं माप

मे, शेवटचा मंगळवार

पवित्र भूमीतल्या आक्री बंदराला पोचले. जहाजावर अर्धी माणसं ओकून ओकून पिवळी पडली, मी एकदाही ओकले नाही. जन्मभर जेनोआच्या बाजारात बैलाची आतडी धुऊन विकली, त्या वासापुढं समुद्राची काय मिजास. हे लिहून ठेवते आहे ते परत गेल्यावर शेजारच्या जुस्ताला वाचून दाखवायला. ती जळून कोळसा झाली पाहिजे. अक्षरं मला नवऱ्यानं शिकवली, ज्या दिवशी प्यायलेला नसेल त्या दिवशी. म्हणजे थोडीच शिकले.

धक्क्यावर जावई स्वतः आला होता. रूबाल्दो इथं आमच्या जेनोआच्या लोकांच्या गल्लीचा कारभारी आहे, न्यायनिवाडाही तोच करतो. राजाचे जकातवाले सगळ्यांची गाठोडी उलटी करत होते. माझ्या पुढं एक फ्रेंच बाई होती, तिचे आतले कपडेसुद्धा झटकून पाहिले. ती रडत होती. माझी पाळी आली तसं रूबाल्दोनं नुसतं बोट वर केलं आणि जकातवाला मागं सरला. आमच्या लोकांना जकात नाही. माझं चीज, माझी आतडी कापायची सुरी, सगळं न उघडता आत आलं. मी त्या रडणाऱ्या बाईकडं बघून हसले. हसू नये हे कळत होतं, पण फार बरं वाटलं.

गल्लीत भट्टी आमची, न्हाणीघर आमचं, चर्च आमचं. तोंडाशी एक दगड पुरलाय, राजाचा शिपाई त्याच्या आत पाय टाकत नाही. राजाच्या पणज्याला हे शहर घेताना आमची जहाजं लागली होती, तेव्हा सगळं लिहून दिलंय. माबिलियानं, माझ्या मुलीनं, दारातच मला मिठी मारली. लहानपणीसुद्धा कधी मारली नव्हती. म्हणाली, आई, किती वाट पाहिली तुझी.

जून, पहिला रविवार

इथं मला राणीसारखं ठेवलंय. पांढरा पाव, अंजिरं, तळलेली मासळी. नात आल्दा बाराची आहे, काकडीच्या वेलासारखी वाढतेय. धडधडीत खोटं बोलते आणि पापणी हलवत नाही. माझ्यावर गेली आहे.

माबिलिया मला नवा झगा शिवणार आहे. आमच्या गल्लीत कापड, लाकूड, जे काही असेल ते आमच्याच दोरीनं मोजतात, राजाच्या गजानं नाही. ती दोरी चर्चमध्ये कुलपात असते. माबिलियानं ती खास माझ्यासाठी घरी आणवली, तिच्यासोबत एक नवी बारीक दोरी धरली, आणि टाचेपासून टाळूपर्यंत माझं माप घेऊन ती बारीक दोरी तिथंच कापली. मी म्हटलं, छातीचं नको? बाह्यांचं? म्हणाली, ते मागनं बघू. मग काय गोणीत भरून शिवणार आहेस का मला, म्हटलं. त्यावर ती जरा जास्तच वेळ हसली.

तकला भांडी घासायची थांबून बघत होती. ही घरची सुरियानी मोलकरीण. तीही गालातल्या गालात हसली, तशी मी तिच्या कानाखाली एक दिली. उपासाच्या दिवसांत तिचा नवरा बुरुजाच्या कामावर असताना मेला म्हणे. म्हणून काय माझ्या अंगाला हसायचं?

जून, संत योहानाचा सण

आज बुरुजाचा पहिला दगड बसला. गल्लीच्या कोपऱ्यावर, व्हेनिसवाल्यांच्या भिंतीला नाक लावून. हा बुरूज याआधी दोनदा ढासळलाय. राजानं आता शब्द दिलाय, ऑगस्टात मरियामातेच्या सणापर्यंत माथ्याच्या दगडासकट उभा राहिला तर कोपरा कायमचा आमचा, नाही तर व्हेनिसवाल्यांचा. रूबाल्दोची सगळी इज्जत त्या भिंतीत आहे. कालोयान नावाच्या ग्रीक गवंड्यानं दगडाखाली शिशाची एक छोटी पेटी ठेवली. पाद्री मुद्दाम दुसरीकडं बघत होता. लोकांनी दारू प्यायली, पलीकडं व्हेनिसवाल्यांनी आमच्याकडं ढुंगण केलं, मजा आली.

संध्याकाळपासून तळपाय गार पडलेत. दगडावर उभी राहिले म्हणून असेल.

जुलै, पहिला शुक्रवार

गारवा घोट्यांच्या वर आला. दुखत नाही, पण टाचणी टोचली तरी कळत नाही. जिना चढवत नाही म्हणून मला खालच्या माल ठेवायच्या खोलीत हलवलंय. व्हेनिसवाल्यांच्या भीतीनं त्या खोलीचं दार लोखंडी पट्ट्यांचं केलंय, कडी माझ्या मनगटाएवढी जाड.

झगा काही आला नाही. दोनदा विचारलं. माबिलिया म्हणते, आई, शिंप्याला ताप आहे.

जुलै, दुसरा आठवडा

तकलानं आज सांगितलं. माझे पाय चोळता चोळता, अगदी गोड आवाजात. तिला मजा येत होती, माझ्या लक्षात आलं. तिच्या जागी मलाही आली असती.

म्हणाली, म्हातारबाई, झगा कसला आणि शिंपी कसला. तुमचं माप त्या पेटीत आहे. ग्रीक गवंडी जिवंत माणसाचं माप दोरीवर घेतात आणि भिंतीच्या पायाखाली पुरतात. मग भिंत ढासळत नाही. भिंत जिथवर चढते तिथवर माणूस गार होतो, आणि माथ्याचा दगड बसला की संपतो. आधी त्यांनी माझ्या नवऱ्याचं माप न विचारता घेतलं होतं. तो गेला, तरी बुरूज पडलाच. तेव्हा तुमच्या जावयानं डोकं चालवलं, म्हणाले, तो माणूस राजाच्या मापातला होता, आपल्या गल्लीच्या नाही. आपली भिंत आपल्याच माणसावर उभी राहील. इथं तुमची सगळी तरणी माणसं. मग तुम्हाला जहाजाचं भाडं भरून आणलं.

मी माबिलियाला हाक मारली आणि तोंडावर विचारलं. तिनं नाकारलं नाही. म्हणाली, आई, तू अडुसष्टची. तिथं आतड्यांच्या वासात एकटी मेलीच असतीस. इथं निदान कशाच्या तरी कामी येशील. मी म्हटलं, विचारायचं तरी होतंस. विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस का, असं तिनं उलट मलाच विचारलं.

नाही म्हणाले असते. पण विचारायला हवं होतं.

दोन दिवसांनी

दोन हमालांनी उचललेल्या फळीवर बसून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. दगडाच्या पलीकडं राजाचा हवालदार टरबूज खात होता. सगळं सांगितलं. म्हणाला, आजी, तुमच्या गल्लीत जे होतं ते तुमचे लोक बघतात, राजानंच लिहून दिलंय. मी म्हटलं, मी आता दगडाच्या बाहेर आले की. तो म्हणाला, जेनोआचं माणूस जाईल तिथं आपली गल्ली पायाखाली घेऊन जातं. मग मला टरबुजाची फोड दिली. खाल्ली. गोड होतं.

मग आमच्या गल्लीच्या न्यायालयात गेले. खुर्चीवर रूबाल्दो, अंगात लाल झगा. पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, सासूबाई, दोरी कुणाच्या अंगाला लावणं हा गुन्हा आमच्या कायद्यात कुठं आहे ते दाखवा. मागं कुणीतरी म्हणालं, म्हातारीला दोरी फाशीची वाटली असेल, म्हणून घाबरली. सगळे हसले. दुसऱ्या कुणाची म्हातारी असती तर मीही हसले असते.

जुलै, मग्दालेनाचा सण

आल्दा भट्टीच्या पायरीवर पडली. मला वाटलं, नाटक करतेय. माझ्या खोलीत आणून निजवली, पायाला हात लावला, आणि माझ्याच पायाला लावल्यासारखं झालं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बर्फ.

रूबाल्दोनं कालोयानला ओढत आणला. गवंडी आधी आल्दाजवळ उभा राहिला, मग मला दोघांनी धरून उभं केलं आणि तिला माझ्या पाठीशी. डोक्याला डोकं लागलं. मी वयानं आखडले, ती उन्हाळ्यात वाढली. कालोयान मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, दोरीत नाव नसतं, लांबी असते. तुमच्या गल्लीतलं त्या लांबीचं जे कुणी असेल ते त्या दोरीचं. पेटी काढायची तर बुरूज उतरवावा लागेल. पण भिंतीला एकच लागतं. दोघींतली एक आधी गेली की दुसरी सुटेल.

यावर खोलीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले.

माबिलिया बुरूज उतरवा म्हणून नवऱ्याच्या पाया पडली. रूबाल्दो रडला, खरंच रडला. पण काम थांबवलं नाही.

जुलैची अखेर

वरून माझ्यासाठी सूप आलं. तकलानं खिडकीच्या गजांतून हळूच सांगितलं, पिऊ नका. ते मी मांजराला पाजलं. मांजर गेलं.

म्हणून दाराला आतून कडी लावली आहे. आल्दा आत माझ्याजवळ आहे. तिला माझ्याकडंच राहायचंय, वर आई सारखी रडते म्हणून कंटाळली. आणि ती आत असेपर्यंत ते आग लावणार नाहीत. तकला खिडकीतून पाव, पाणी देते.

ऑगस्ट, संत लॉरेन्सचा सण

माबिलिया रोज दाराशी येते. आई, तुझं सगळं झालंय, तिचं काहीच झालेलं नाही. मी म्हटलं, आधी गुडघे टेक. टेकले. म्हटलं, आता गल्लीला ऐकू जाईल असं म्हण, मी माझ्या आईला भिंतीत घातलं. म्हणाली. म्हटलं, मोठ्यानं. मोठ्यानं म्हणाली. शेजारणींनी खिडक्या उघडल्या. चार दिवस झाले, दिवसातून तीनदा म्हणायला लावते. जन्मात इतकं गोड काही ऐकलं नव्हतं. आल्दा आधी हसायची. आता भिंतीकडं तोंड करून पडते.

सुरी उशाशी आहे. घाई नाही. गारवा अजून गुडघ्याच्या थोडाच वर आहे. छातीशी येईपर्यंत थांबते, मग एक झटका. बैल कापलेत, स्वतःचा गळा काय जड आहे. पोरगी सुटेल. हे मी माबिलियाला सांगितलेलं नाही. का सांगू? रडू दे.

मरियामातेच्या सणाआधी दोन दिवस, दुपार

आल्दानं विचारलं, आजी, तू करशील ना. मी म्हटलं, काय करू? ती म्हणाली, मला माहीत आहे. पापणी हलवली नाही.

उद्या करते. माबिलियाला अजून एक दिवस.

सणाचा आदला दिवस, सकाळ

रूबाल्दोनं गवंडी दुप्पट केले. पहाटेपासून ढोल वाजवत भिंत चढवताहेत. गारवा मांडीच्या वर. छाती अजून लांब आहे, पण काल ठरवलं होतं म्हणून सुरी घ्यायला गेले, तर

बोटं कळत नाहीत.

माणूस सरळ उभा राहिला की हात कुठं असतात. खाली. मांडीशी. मी काय खुळी — छातीचा विचार करत बसले, आणि हात आधी —

सुरी उचलली, पडली. पुन्हा. पडली. आल्दाला म्हटलं, तू घे. तिनं आपले हात दाखवले. निळे.

नंतर

मनगटापर्यंत. लेखणी दातांत धरून लिहिते आहे. कडीला दोन्ही मनगटं लावली, ढकलली — हलत नाही. खांदा लावला. पडले. मनगटाएवढी जाड कडी. मीच लावली.

माबिलियाला हाक मारली. दार फोड, आत ये, सुरी आहे, मार मला. लवकर. ओरडून ओरडून घसा — ती बाहेर गुडघ्यावरच होती. म्हणाली, हो आई, म्हणते मी, म्हणते. आणि म्हणायला लागली. मी माझ्या आईला भिंतीत घातलं. मी माझ्या आईला —

ऐकतच नाही. ढोल.

पुन्हा

माथ्याचा दगड वर नेताहेत. लोक ओरडताहेत. कुऱ्हाडी दाराला लागल्या, आत्ता कुठं. लोखंड आहे, वेळ लागेल.

श्वास कोंडून पाहिला. आपोआप सुटतो. मेलं काळीज, बैलाचं — थांबत नाही.

आल्दा म्हणाली, आजी, छातीत गार. मग म्हणाली, आजी, दुखत नाही गं. खोटं. पापणी —

आल्दा

बोल काहीतरी. खोटं बोल. बोल ना गं

बाहेर ती अजून म्हणतेच आहे

नको. नको, हे नको. माझे पाय गरम व्हायला ला—