तपासणीचं उत्तर

सावदा,
९ फेब्रुवारी २०२६

चि. नूतन हीस काकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत. थंडीने बागांना चरका बसलाय, तेवढं सोडलं तर बरं चाललंय. पुण्यात जेवणाचे हाल होत असतील. दर वेळी मी हाताने लिहितो, यंदा छापील कागद पाहून रागावू नको. बोटं आखडलीत.

तुझे आबा परवा भेटले. "नूतनचा फोन येतो का?" विचारलं तर म्हणाले, "कोन नूतन?" मी चहा पाजला. जीवराम बालमित्र माझा, त्याला असं पाहवत नाही.

तो अध्यक्ष असताना तू आपल्या केळी कंपनीची सगळी नोंद ब्लॉकचेनवर, त्या खाडाखोड न होणाऱ्या संगणकी वहीत, नेलीस. मला त्या रस्ट नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. तूच समजावलंस, "काका, प्रत्येक सूचना म्हणजे गेटावर आलेला ट्रक. ही छोटी फंक्शनं म्हणजे वॉचमन. सही आहे का? त्याच माणसाची आहे का? एकदा लिहायची आणि प्रत्येक ट्रकापुढे उभी करायची."

मी विचारलं, "वॉचमन नाही म्हणाला, पण फाटक उघडंच असलं तर?"

तू किती हसलीस! "काका, तुम्ही प्रोग्रामर व्हायला हवं होतं."

मग तो जानेवारीतला शनिवार. वजनकाट्याच्या भिंतीपलीकडे तू आबांना सांगत होतीस, "अध्यक्ष बदलायच्या सूचनेत तपासणी बोलावलीय, पण तिचं उत्तर पुढे पाहिलंच नाही. सही नसली तरी बदल होऊन जाईल. उद्याच दुरुस्ती चढवते."

आबा म्हणाले, "उद्या अमावस्या हाये. नवं काम नको काढू. सोमवारी कर."

हातगाडीवर केळी विकत वर आलो मी. पाठ फिरवून ऐकायची सवय तिथलीच.

अमावस्या मी पाळत नाही. रविवारी जळगावहून एक हुशार माणूस बोलावला. जीवरामच्या जागी मी, एवढीच सूचना. जीवरामची सही नाही. तुझ्या वॉचमनने नाही म्हटलं असणार, बिचाऱ्याचं कुणी ऐकलं नाही. फक्त पाठवायला कुणाची तरी डिजिटल चावी लागते. चाचणीसाठी बनवलेली तुझी एक चावी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर राहिली होती. माझी स्वतःचीही चालली असती.

तुझी घेतली. माझ्याशी जीवराम भांडला असता, कोर्टात गेला असता, जिंकलाही असता. पोटच्या पोरीविरुद्ध कोण जातं?

सोमवारच्या सभेत पडद्यावर पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव आलं. "माह्याच पोरीनं मले इकलं!" आबांचा तो आवाज अजून कानात आहे. तू रडत होतीस, "आबा, मी नाही पाठवलं." अमावस्या म्हणून त्यांनीच तुला थांबवलं होतं, हे तर त्यांना आठवलंही नाही. तेव्हा तुझ्या खांद्यावर हात ठेवून मीच म्हणालो ना, "पोर आहे, जीवराम. चुकली. माफ कर तिला"? तू माझ्याकडे किती कृतज्ञतेने पाहिलंस. त्यानंतर कुणीच काही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी आमच्या माणसाने तुझी दुरुस्ती लावली. आता तपासणी 'नाही' म्हणाली की सूचना जागेवर परत. काम तुझं पक्कं आहे, पोरी. माझी खुर्ची आता तुझ्याच वॉचमनच्या पहाऱ्यात आहे.

हा कागद घेऊन तू पहिल्या गाडीने आबांकडे निघशील. नीघ. आबा आधी शेवटची ओळ पाहतील. हे कुणीही छापलं असतं. तूसुद्धा. आणि सही नसेल तर मानायचं नाही, हे या गावाला तूच शिकवलंस. मी तर चारचौघांत सांगेन, पोर खचलीय, तिला काही बोलू नका.

बोटं माझी ठणठणीत आहेत.

वेळेवर जेवत जा. होळीला ये. त्या घराचं दार उघडलं नाही तर माझं आहेच.

तुझाच काका,