वाटा मागणारी बहीण

आई, तुझी सिरीयल पुन्हा सुरू झालीय. तोच संगमरवरी जिना, तेच भाऊ कारखान्यावरून एकमेकांच्या उरावर बसलेले. आणि ती बहीण, बापाच्या इस्टेटीत वाटा मागणारी, जिला तू भाकरी थापता थापता शिव्या घालायचीस. "भावाच्या ताटात हात घालती, भवानी." तिची नागमोडी टिकली पडद्यावर आली की तव्यावरची भाकरी करपायचीच. आता तीच बाई परत आलीय, केस पिकलेले, टिकली साधी, आणि अख्खं घर हात जोडून तिला म्हणतंय, आमचं चुकलं. मला इतका संताप आला की मी रिमोट आपटला.

कारण मी सही केली होती. बाबा गेल्यावर आंबवड्याच्या रानात माझाही हिस्सा लागला, म्हणून दादाने हक्कसोडीचा कागद करून आणला. मी नुसतं विचारलं, "का सोडायचा?" तू परातीवरून मान वर केलीस. "त्या टिकलीवालीवानी वागायचंय व्हय तुला?" संपलं. जन्मभर चिखलात वाकून भात लावलास, आणि अक्कल घेतलीस ती ज्यांचे पाय कधी मळत नाहीत त्या लोकांकडून. भोरच्या कचेरीत माझी सही, अंगठा, फोटो झाला आणि तू म्हणतेस, "चल बिगीनं, एसटी चुकली तर सिरीयल जाईल." एसटीत शेजारच्या बाईला सांगितलंस, "लई गुणाची हाय माझी लेक." मी खिडकीकडे तोंड करून हसत होते. तेवढं ऐकायला मिळावं म्हणून मी रान दिलं, आई.

त्या रानाला आता लोखंडी फाटक आहे. परवा गेले तर वहिनी म्हणाली, "फोन करून यायचं ना, ताई." कुलूप उघडेपर्यंत मी पाव्हण्यासारखी रस्त्यावर उभी. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरणार. तुला हवाय का, असं तू मला एकदाही विचारलं नाहीस.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? घडी करून डाळीच्या डब्याखाली सारतेय. पण आणखी एक सांगायचंय. सासरे गेल्यावर आता त्यांच्या जमिनीची हक्कसोड करायचीय, आणि वरवे गावात दिलेल्या नणंदेला फोन मीच केला, तोही गोड बोलून.

"न्हाई केली सही, तर वो वैनी?" तिनं विचारलं.

"मग दिवाळीला कुठं येशील?" मी म्हणाले.

ती सोमवारी येतेय.